हॅन्टस्पोर्टच्या चर्चबाहेर

हॅलिफॅक्स, नोव्हा स्कॉशिया

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्हाला एका पदकाबद्दल सांगायला लागले आणि मधेच गप्प झाले. ते नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

मागच्या रविवारी आम्ही हॅन्टस्पोर्टला गेलो होतो. ॲव्हन नदीच्या काठावरचं छोटं गाव. ओहोटीला इथलं पाणी इतकं मागे सरतं की मैलभर नुसता तांबडा चिखल दिसतो. तिथल्या बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात विल्यम हॉल या खलाशाचं दगडी स्मारक आहे. ब्रिटिश साम्राज्याचं शौर्याचं सर्वोच्च पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. घरी येऊन त्याच्याविषयी वाचत बसले, आणि वाचता वाचता थेट आपल्या येवल्यालाच येऊन पोचले.

त्याचे आईवडील अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून १८१२ च्या युद्धाच्या धामधुमीत इकडे आले. पळून आलेल्या गुलामांना ब्रिटिश जहाजं आसरा देत. म्हणजे या घराला तेच आरमार मुक्तिदाता. मुलगा १८५२ मध्ये लिव्हरपूलला त्याच आरमारात भरती झाला, क्रिमियात लढला, आणि मग 'शॅनन' जहाजावर चढला. शॅनन निघालं होतं चीनकडे. हाँगकाँगला हिंदुस्थानातल्या उठावाची बातमी कळली आणि ते कलकत्त्याकडे वळलं. कॅप्टन विल्यम पील यांनी जहाजावरच्या तोफा उतरवल्या आणि खलाशांना घेऊन नदीने अलाहाबाद गाठलं. तिथून पुढे जमिनीवरून. समुद्रावरची माणसं, बाबा, आणि गंगेच्या खोऱ्यातल्या धुळीतून तोफा ओढत निघालेली!

१६ नोव्हेंबर १८५७, लखनौ. सकाळी सिकंदरबागेत उठावातले सुमारे २,००० शिपाई मारले गेले. त्यानंतर शाह नजफ या मकबऱ्याच्या भिंतीपुढे शॅननच्या चोवीस पौंडी तोफा आणल्या. तोफ डागली की मागे हटते, ती पुन्हा जोर लावून पुढे लोटायची, आणि दर वेळी भिंतीच्या आणखी जवळ. भिंतीवरून बंदुकांचा वर्षाव चालू. हॉलच्या तोफेवरची माणसं एकामागून एक पडली. शेवटी तो आणि लेफ्टनंट यंग, दोघंच उरले. तरी तोफ चालूच होती. आपल्याच गोळ्यांनी भिंतीच्या विटांचे तुकडे अंगावर उडावेत, इतक्या जवळ ती गेली होती, असं त्याने पुढे सांगितलं.

व्हिक्टोरिया क्रॉसखेरीज त्याला या मोहिमेचं चांदीचं पदकही मिळालं. त्याचं चित्र मी मोठं करून पाहिलं. एका बाजूला राणी. दुसरीकडे हातात हार धरलेली ब्रिटानिया, मागे सिंह, वर 'इंडिया', खाली १८५७-१८५८. पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे. ते पाहताना आजोबा आठवले. 'बंड' शब्द कुणी उच्चारला तर ते ताबडतोब दुरुस्त करायचे, "बंड नाही, स्वातंत्र्ययुद्ध." आणि लगेच आपल्या गावच्या तात्यांची गोष्ट सुरू.

बाबा, ती गोष्ट इथेच येऊन मिळते. इंग्रज लखनौत गुंतलेले असताना तात्या टोप्यांनी कानपूरवर चाल केली आणि तिथल्या इंग्रज सेनानी विंडहॅमच्या फौजेला मागे रेटलं. इंग्रजांचा सरसेनापती कॅम्पबेल लखनौहून घाईने परतला, आणि ६ डिसेंबरला तात्यांच्या फौजेवर ज्या तोफा धडधडल्या, त्यांत शॅननच्याही होत्या. कालव्याच्या पुलावर पीलच्या खलाशांनी चोवीस पौंडी तोफ ओढून आणली होती. आपल्या येवल्यात जन्मलेला माणूस त्या बाजूला, आणि गुलामाच्या मुलाची तुकडी या बाजूला. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत तात्यांना फाशी दिली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन बंदरात हॉलच्या छातीवर क्रॉस लागला.

मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. लखनौच्या त्या भिंतीचा विचार केला की राग येतो, पण तो ज्यांनी हुकूम दिले त्यांच्यावर. १८७६ मध्ये तो नोकरी संपवून परत आला, बहिणींसोबत राहून शेती करत जगला. १९०४ मध्ये वारला तेव्हा कबरीवर साधा दगडही नव्हता. चाळीस वर्षं ती तशीच राहिली. १९४५ मध्ये त्याला हॅन्टस्पोर्टच्या या आवारात आणलं. आता त्याचा क्रॉस नोव्हा स्कॉशिया म्युझियमकडे आहे आणि कॅनडाच्या आरमारातल्या एका नव्या गस्तनौकेला त्याचं नाव आहे. ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनी त्याला इतका काळ विसरावं, याचं मला फार वाईट वाटलं.

स्मारकापाशी धाकट्याने विचारलं, "आई, आपण कुठल्या बाजूचे?" मी "तात्यांच्या," म्हणाले. मग त्याने तिथे पडलेलं मेपलचं एक पान उचलून दगडावर ठेवलं. मी अडवलं नाही.

शनिवारी तुमच्या रात्री नऊला फोन करीन. त्याला तात्यांची गोष्ट तुम्हीच सांगा, आजोबा सांगायचे तशी, कानपूरपासून. माझ्याने ती अर्ध्यात राहते.

आईला नमस्कार. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी