मामा, तुम्ही माझं बोट धरलंत

आदरणीय मामांना साष्टांग नमस्कार,

माझं बोट वाचवलंत म्हणून तुमच्या घरी येऊन मी दोनदा आभार मानायला बघितलं. पहिल्यांदा तुम्ही “आधी चहा घे” म्हणून विषय बदललात. दुसऱ्यांदा बोलायला सुरुवात केली तोवर तुम्ही माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरची हवा बघायला उठून गेलात. म्हणून आता लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं असं उघड लिहितोय. तुमच्याकडं साधा फोन आहे, तेव्हा मामींनीच हे वाचून दाखवावं. मध्येच उठू नका, एवढीच विनंती.

उघड लिहायचं आणखी एक कारण आहे. आमच्या बेळगावजवळच्या उचगाव-कुद्रेमनी पट्ट्यात आता कुठल्याही वाडीत जा, एखाद्या तरी ट्रॅक्टरला पुढं लोडर, म्हणजे माल उचलायची बकेट, बसलेला दिसतो. शेणखत भरायला, माती सारायला, बांध घालायला माणसं मिळत नाहीत, म्हणून आपण लोडर घेतो. घेताना हप्ता किती, बकेटमध्ये माल किती बसतो, एवढं विचारतो. चालवायचा कसा, हे विचारत नाही, कारण ट्रॅक्टर तर लहानपणापासून चालवतोच आहोत असं प्रत्येकाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

तो दिवस वैशाखातला. धूळवाफ पेरणीच्या आधी भाताच्या शेतात शेणखत पडायला हवं होतं, आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता, आणि माझी घाई चालली होती. सकाळी बकेट नेहमीपेक्षा सावकाश उचलायला लागली. खाली वाकून बघितलं तर बकेट उचलणाऱ्या डाव्या जॅककडं जाणारा होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, ओला दिसत होता, पण तेल नेमकं कुठून येतंय ते कळेना. इंजिन चालू, भरलेली बकेट वर, आणि मी डाव्या हाताचं बोट होजवरनं फिरवत गळती शोधत होतो. करवंदीचा काटा रुतावा तसं टोचलं. बोट बघितलं. टोकाशी सुईच्या अग्राएवढा एक ठिपका. रक्त नाही, दुखणंही फारसं नाही.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं काटा लागल्याचं समजून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि घरी जा म्हणाले. मी घरी न जाता होज काढून घेतला आणि नवा बसवून घ्यायला मच्छेला तुमच्या दुकानात आलो. तोपर्यंत चार तास झाले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही. तुम्ही होज हातात घेऊन उन्हाकडं धरलात, भेग सापडली, आणि सहज विचारलंत, “गळती कशी शोधलीस रे?” मी बोट पुढं केलं. तुम्ही होज खाली टाकलात. माझं बोट धरून दाबून बघितलंत. ते एव्हाना फिकट पडलं होतं आणि नीट वाकत नव्हतं. “हे काट्याचं नव्हे बाळा. ऑइल आत गेलंय,” म्हणालात आणि शटर ओढलंत. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना नुसतं “उद्या या” म्हणालात. मी म्हटलं, मामा, दुखत नाही एवढं, खत पडायचंय. त्यावर तुम्ही ज्या आवाजात ओरडलात तो आवाज माझ्या वडिलांचासुद्धा मी कधी ऐकला नव्हता. “दुखायला लागल्यावर बोट नसतंय रे!”

स्कूटरवर मागं बसवून बेळगावातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलंत. वाटेत सांगितलंत, उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं हायड्रॉलिकच्या फिटिंगमध्ये काढलीत, आणि असाच एक ठिपका तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या बोटावर बघितला होता. त्यानं पट्टी लावून पाळी पूर्ण केली होती. त्याचं बोट गेलं. तुम्ही तेव्हा शिकाऊ होता.

तिथल्या डॉक्टरांपुढं तुम्ही बिलाच्या पाठीवर लिहिलेला कागद ठेवलात: कुठलं तेल, किती दाब, किती वाजता टोचलं. बार हे दाबाचं माप. गाडीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दाब 150 ते 200 बारच्या घरात जातो. केसाएवढ्या भेगेतून त्या दाबानं सुटलेली धार कातडी सहज भेदते, आणि आत गेलेलं तेल बोट वाकवणाऱ्या आतल्या दोरीच्या कडेकडेनं तळहाताकडं सरकतं. वरून काहीच दिसत नाही. आतलं मांस मात्र तासातासानं मरत जातं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी बोट उभं उघडून धुतलं, दोन दिवसांनी परत धुतलं. आणखी एक रात्र गेली असती तर बोट ठेवता आलं नसतं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आज ते बोट थोडं ताठ आहे, थंडीत आखडतं. पण हाताला आहे. हे पत्र टाइप करताना तेच बोट चाललंय.

हे एवढ्या बारकाईनं लिहिलं, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला कधी असा ठिपका दिसला तर त्यानं रात्र काढू नये. थेट शस्त्रक्रिया होते अशा हॉस्पिटलात जावं, आणि “काहीतरी टोचलं” असं मोघम न सांगता “हायड्रॉलिकचं तेल दाबानं आत गेलंय” एवढे शब्द उच्चारावेत.

मामा, तुमचं उपकार करणं तिथंच संपलं असतं तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण टाके निघाल्यावर एका रविवारी तुम्ही न सांगता आमच्या शेतावर आलात. नवा होज पिशवीत होता. आणि बसवायच्या आधी तुम्ही मला गळती शोधायला शिकवलंत. बकेट जमिनीला टेकवलेली, आणि लांब काठीला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. जुना होज मुद्दाम एकदा जोडलात, सगळ्यांना लांब उभं केलंत, आणि काठी पुढं करून पुठ्ठा होजजवळनं सरकवत नेलात. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, ऊन तेवढं. एका जागी पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटली, आणि बघता बघता पुठ्ठा कापला गेला. तो कापलेला पुठ्ठा मी गोठ्याच्या दारावर खिळ्यानं ठोकून ठेवलाय. आमचा गडी गोकाककडचा, कानडी बोलणारा. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, पुठ्ठा बघूनच त्यानं हात मागं घेतला.

मग स्पॅनर लावायच्या आधीची शिस्त: बकेट खाली, इंजिन बंद, लिव्हर सगळीकडं हलवून आत अडकलेला दाब मोकळा, आणि त्यानंतरच नटाला हात. तुम्ही हे माझ्याकडून तीनदा करून घेतलंत. वर उचललेल्या बकेटखाली मी वाकलो होतो हे ऐकून तुमचा चेहरा उतरला होता. होज फुटला तर वरची बकेट थांबत नाही, पापणी लवायच्या आत खाली असते. वर उचललेली बकेट अडवून धरणारा, लोडरबरोबर कंपनीनं दिलेला जॅकचा लोखंडी लॉक माझ्या माळ्यावर धूळ खात पडला होता. तुम्हीच शोधून काढलात, पुसलात, लाल रंग लावलात आणि लोडरलाच अडकवून ठेवलात. लाकडाचा ठोकळा किंवा बांबू लावून आत शिरणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत. त्यांनी ठोकळ्याऐवजी हा लोखंडी लॉकच लावावा.

सगळ्यात जास्त मनात बसलं ते तिवईचं. तुम्ही आईला घरातली तीन पायांची तिवई मागितलीत आणि ट्रॅक्टरशेजारी ठेवलीत. म्हणालात, “चाकं चार मोजतोस, पण उभा आहे तीन पायांवर.” मागची दोन चाकं हे दोन पाय. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, मधल्या एका पिनेवर झुलतो, म्हणून तिसरा पाय ती पिन. पुढची चाकं फाकलेली दिसतात, त्यामुळं आपल्याला खोटा धीर येतो. भरलेली बकेट वर गेली की सगळा भार पुढं आणि वर सरकतो. म्हणजे त्रिकोणाच्या नेमक्या अरुंद टोकाकडं. तुम्ही तिवईच्या एका पायाकडच्या टोकावर भरलेला तांब्या ठेवलात आणि बोटानं हलकं ढकललंत. तांब्यासकट तिवई आडवी झाली, पाणी आईच्या पायावर. आई रागावली नाही. ती तुमच्याकडं बघून एवढंच म्हणाली, “ह्याला कळलं ना?”

मला कळलं, मामा. आमचं रताळ्याचं शेत उतारावर आहे. मी भरलेली बकेट छातीएवढी उचलून त्या उतारावरनं आडवा जायचो. पुढचा रस्ता दिसावा म्हणून वर उचलायचो! आता बकेट जमिनीपासून वीतभर-हातभर, त्याच्यावर नाही. वर घ्यायची ती ट्रॉलीजवळ पोचल्यावर, ट्रॅक्टर सरळ आणि सपाटीवर उभा असताना. वर असताना स्टिअरिंग वळवायचं नाही. उतारावर आडवं जायचंच नाही, उभं जायचं.

आणि जड बाजू कायम चढाकडं. भरलेली बकेट घेऊन उतरायचं असेल तर रिव्हर्समध्ये उतरायचं. मला हे उलटं वाटलं होतं, मग तुम्ही ब्रेकचं कारण सांगितलंत. आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांना. पुढं ओझं घेऊन तोंड खाली केलं की पुढचा एक्सल तराजूच्या काट्यासारखा होतो आणि मागचं पारडं उचललं जातं. मागच्या चाकांचा जमिनीवर भारच नसेल तर ब्रेक दाबून काय उपयोग, चाकं थांबतील आणि ट्रॅक्टर घसरत राहील. न्यूट्रल करायचा विचारही नको, खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचं. डावा-उजवा ब्रेक जोडणारा पेडलचा लॉक मी पेरणीच्या वेळी काढला होता तो कधी परत लावलाच नव्हता. तोही तुमच्याच नजरेला आला.

मागच्या वजनाचं काम तुम्ही दिवसभर बसून केलंत. माझा लोडर मागं काहीही न लावता चालायचा. दोनशे लिटरचं बॅरल, आत खालून वर लोखंडी चौकट, ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांना म्हणजे थ्री पॉइंटला जोडायची, आणि काँक्रीट. भरल्यावर साधारण 475 किलो. किती वजन लावायचं ते लोडरच्या पुस्तकात वाचून ठरवलंत, अंदाजानं नाही. इंग्रजी पुस्तक माझ्या पुतणीकडून वाचून घेतलंत आणि आकडे हातावर लिहून घेतलेत. ते वजन लावून पहिल्यांदा भरलेली बकेट उचलली तेव्हा स्टिअरिंग हातात हलकं लागलं आणि मागची चाकं जमीन धरून राहिली. एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

हेस्कॉम वीज कंपनीच्या तारा आमच्या बांधावरनं जातात आणि मी खताचा ढीग त्यांच्या बरोबर खालीच घालायचो. ढीग हलवला. तार बकेटला लागलीच तर सीटवरच बसून राहायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही आणि वीज बंद करायला फोन करायचा. आग लागली तरच उडी, दोन्ही पाय जोडून, ट्रॅक्टरला हात न लावता. हे मी घरात सगळ्यांना पाठ करायला लावलंय. पुतण्या मडगार्डवर बसायचा, तो आता बसत नाही. बकेटमध्ये उभं राहून नारळ काढणंही बंद.

आमच्या गड्याला लोडर शिकवताना तुमचं कानडी तोकडं पडत होतं आणि त्याचं मराठी. तेव्हा तुम्ही लिव्हरवर त्याचा हात ठेवून, वर स्वतःचा हात ठेवून एकच शब्द म्हणत होता, “सावकाश, सावकाश.” तो हसून म्हणाला, आमच्यातही सावकाशच म्हणतात. आता रोज सकाळी किल्ली देताना मी त्याला तेच म्हणतो आणि तो मला. लिव्हर झटक्यानं सोडली की वरची बकेट अचानक थांबते आणि अख्खा ट्रॅक्टर डुलतो, हे त्याच्या हाताला तुमच्या हातानं कळलंय.

होजचे पैसे तुम्ही घेतलेत, तेही बिल करून. बाकी कशाचेच घेतले नाहीत. आईनं दिलेली बेळगाव बासमतीची पिशवी मामींनी ठेवून घेतली, एवढंच माझ्या मनाला समाधान.

त्या सकाळी माझ्या हातात सुईच्या टोकाएवढा ठिपका होता आणि तो ओळखणारा माणूस मला भेटला. माझी मुलगी यंदा शाळेत जायला लागली. रस्ता ओलांडताना ती माझं हेच बोट धरते. ती धरते तेव्हा मला दर वेळी तुमच्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज येतो.

येत्या रविवारी तुमच्या परसात आंब्याच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत घालायला ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत घेऊन येतोय. मामींना विचारून ठेवलंय, त्यामुळं नको म्हणून चालणार नाही. ट्रॉली कुठं लावायची तेवढं बघून ठेवा. तुमच्या फाटकाजवळनं विजेची तार जाते, तिथं टाकणार नाही.

तुमचा भाचा