घर बदलले की आठवणींच्या खुणाही सुटतात

महोदय,

ठाण्यातील नौपाडा, पाचपाखाडी आणि आसपासच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असून तेथील अनेक कुटुंबे घोडबंदर रस्त्यावरील भाड्याच्या घरांत राहायला गेली आहेत. सोसायटीच्या सभांमध्ये भाडे, कॉर्पस फंड, वाढीव चटईक्षेत्र, ताब्याची तारीख यांवर तासन्‌तास चर्चा होते. परंतु या स्थलांतराचा घरातील ज्येष्ठांच्या स्मरणावर काय परिणाम होईल, हा विषय निघत नाही. नव्या जागेत थोडे दिवस होतात न होतात तोच ‘बाबांना हल्ली काही आठवत नाही’, ‘आई गॅस बंद करायला विसरते’ अशी तक्रार सुरू होते आणि मग एक तर वृद्धांवर चिडचिड होते, नाही तर थेट स्मृतिभ्रंशाचे निदान घरच्या घरी केले जाते. माझी नोकरीची सारी वर्षे मानसशास्त्र शिकवण्यात गेली असल्याने या दोन्ही प्रतिक्रिया मला अन्यायकारक वाटतात.

काळ लोटला की आठवण पुसट होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून हेच मोजले होते, आणि पाठांतराचा निम्म्याहून अधिक लाभ तासाभरातच नाहीसा होतो, पुढची घट मात्र बरीच संथ असते, असे त्यांना आढळले. परंतु १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवून दिले की, पाठांतरानंतर झोपलेल्या माणसाला तेवढ्याच तासांनंतर जागे राहिलेल्या माणसापेक्षा अधिक आठवते. विस्मरणाला केवळ काळ जबाबदार असता, तर हा फरक पडला नसता. लोखंड काळामुळे नव्हे, तर त्या काळात होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे गंजते, हा मॅकगिओक यांचा १९३२ मधील युक्तिवाद याच धर्तीचा होता. नवे शिकलेले जुन्याच्या आड येते, तसेच जुने मुरलेले नव्याच्या आड येते. प्रयोगशाळेत दिसणाऱ्या विस्मरणाचा मोठा वाटा या दुसऱ्या प्रकारचा असतो, हे बेंटन अंडरवुड यांनी १९५७ मध्ये मांडले. ज्या गृहिणीचा हात चाळीस वर्षे डाव्या बाजूच्या फळीवरच्या मिठाकडे गेला, तिचा हात नव्या स्वयंपाकघरातही तिकडेच जाणार. तिची स्मृती क्षीण झालेली नसते; उलट, जुनी स्मृतीच फार बळकट असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा खुणांचा आहे. एन्डेल टल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये काही जणांना शब्दांच्या याद्या दिल्या. ज्यांना आठवताना ‘प्राणी’, ‘फळे’ अशी वर्गांची नावे पुरवली, त्यांना इतरांपेक्षा बरेच अधिक शब्द आठवले. म्हणजे न आठवलेले शब्दही मनात होतेच, फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. पुढे १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये पाण्याखाली पोहणाऱ्या डायव्हरांवर प्रयोग केला, तेव्हा पाण्याखाली पाठ केलेले शब्द किनाऱ्यापेक्षा पाण्याखालीच चांगले आठवले. शिकताना भोवताली जे असते, तेही आठवणीला जोडले जाते.

आता नौपाड्यातील जुन्या घराचा विचार करावा. पाणी येण्याची ठरावीक वेळ, जिन्यातली शेजाऱ्यांची चाहूल, संध्याकाळी तलावपाळीवर जायला हाक मारणारा सोबती, या सगळ्यांना दिवसाची कामे बांधलेली असतात. नळ सुटला की रक्तदाबाची गोळी, ही सांगड वर्षानुवर्षांची असते. पुढे करायच्या कामाची आठवण एखाद्या घटनेला जोडलेली असेल तर ते काम सहसा चुकत नाही. केवळ घड्याळावर विसंबून ते लक्षात ठेवणे वृद्धांना विशेष जड जाते. चोवीस तास पाणी असलेल्या सतराव्या मजल्यावर यांतली एकही खूण उरत नाही आणि गोळी चुकते. गॅस चालू राहण्याचे कारण तर बहुधा विस्मरणच नसते: अनोळखी घरात लक्ष विभागलेले असते, त्यामुळे त्या कृतीची मनात नोंदच पुरती होत नाही.

‘मुद्दाम विसरतात’ हा आरोपही कानावर येतो. नकोशा गोष्टी मन दडपते, असे फ्रॉइड यांनी मांडले होते खरे. परंतु त्याला प्रयोगांचा आधार तोकडा आहे, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला हे ऐकवणे निव्वळ क्रूरपणाचे आहे.

याचा अर्थ प्रत्येक विस्मरण निर्धोक असते, असा मुळीच नाही. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीच्या पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे, अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जायलाच हवे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही स्मरण बिघडते आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. निदान घरातल्यांनी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

घर हलवताना जुन्या स्वयंपाकघराची छायाचित्रे काढून डबे शक्यतो त्याच क्रमाने लावावेत, आणि ते काम सुनेने किंवा मुलाने परस्पर न उरकता ज्यांचे ते स्वयंपाकघर आहे त्यांच्या हातून व्हावे. जुने भिंतीवरचे घड्याळ, देव्हारा, आरामखुर्ची ‘नव्या घरात शोभत नाही’ म्हणून टाकून देऊ नये. गोळ्यांची डबी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवावी. सोसायट्यांच्या समित्यांनाही माझी विनंती आहे की, विकासकाशी बोलणी करतानाच ज्येष्ठ सभासदांसाठी त्याच परिसरात, निदान चालत जुन्या गल्लीत येता येईल इतक्या अंतरावर पर्यायी घर मिळावे, असा आग्रह धरावा आणि तो करारनाम्यात लेखी नमूद करून घ्यावा.

– एक निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)