औषधाची बाटली फेकू नका, पुरण्याची घाई करू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाळीव प्राणी गेल्यावर सावरायचं कसं, यावर आपल्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला होता. पण त्यात एक सल्ला होता, तो वाचून मी दोनदा चष्मा पुसला. प्राण्याचे अंत्यविधी लवकर उरकावेत आणि त्याची भांडी, अंथरूण, उरलेली औषधं नजरेआड करावीत, असं त्यात म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, तेही कुणी न सांगता. त्यातून पुढे काय झालं, ते कळवण्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. ३४ वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. माझ्या मांजरीचं नाव शिल्लक. चार पिल्लांतली तीन गेली आणि ही उरली, म्हणून हे नाव. घरी येणारे हसायचे. ती मात्र या नावाला ओ द्यायची.

ती दहा वर्षांची असताना तिच्या तोंडाला वास येऊ लागला, एकाच बाजूने चावू लागली. दोन दाढा काढाव्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले. संमतीचा कागद पुढे आला, मी सही केली. वाचला नाही. ‘वाचल्याशिवाय सही केलीच कशी?’ हा प्रश्न नोकरीत मी कितीजणांना दरडावून विचारला असेल, त्याचा हिशेब नाही. भूल देण्याआधी रक्त तपासलं का, हेही विचारलं नाही. अलीकडे ती पाणी जास्त पीत होती. हे मला दिसत होतं, पण डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जास्त पाणी पिणं हे म्हाताऱ्या मांजराची किडनी थकत चालल्याचं लक्षण असू शकतं, हे मला नंतर कळलं. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

दाढा निघाल्या. संध्याकाळी ती घरी आली, सोबत वेदनाशामक मेलॉक्सिकॅमची छोटी बाटली. रोज एकदा ०.४ मिली, खाण्यानंतर, पाच दिवस. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं, दुपारी उलटी केली. मी दवाखान्यात फोन केला. मदतनीस मुलाने घेतला. ‘दाढा काढल्यात ना, दोन दिवस खाणार नाही. औषध बंद करू नका.’ मी बंद केलं नाही. मांडीवर घेऊन, जबडा उघडून, सिरिंजने तोंडात सोडत राहिले. पाचव्या दिवशी ती उठेना, तेव्हा उचलून नेलं. रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठत जाणारा घटक, इतकं चढलं होतं की रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरांचा चेहरा मला आधी दिसला आणि आकडा नंतर. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली.

‘वय झालं होतं. किडनी आधीपासूनच गेलेली असणार.’ असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. हो, आभार. दहाच्या आत भाच्याने मागच्या अंगणात खड्डा खणला आणि अकरापर्यंत सगळं उरकलं होतं. वाटी, टोपली, औषध एका पिशवीत भरलं आणि पिशवी गॅलरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. ती कचऱ्यात गेली नाही, याचं कारण एवढंच की चार दिवस मी घराबाहेर पडले नाही.

पाचव्या दिवशी ओळखीच्या एक बाई भेटायला आल्या. त्यांच्याकडे दोन बोके आहेत. औषधाचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, ‘हो, आमच्याकडेही होतं. बाटलीवर मांजराचं चित्र असतं.’ माझ्या बाटलीवर कुत्र्याचं चित्र आहे, हे मला तेव्हा आठवलं.

मी पिशवी उघडली. या औषधाचं मांजरांसाठीचं द्रावण येतं त्यात एका मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम औषध असतं. कुत्र्यांसाठीच्या द्रावणात १.५. शिल्लकचं वजन चार किलो. जिथे मांजरांना हे औषध रोज द्यायची मान्यता आहे, तिथे रोजचा डोस किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम असतो. म्हणजे तिला ०.२ मिलिग्रॅम. मांजराच्या बाटलीतून घेतलं तर ते बरोबर ०.४ मिली भरतं. लेबलवरचा आकडा अगदी बरोबर होता, बाटली चुकीची होती. रोज तिप्पट औषध माझ्या हातून तिच्या पोटात जात होतं.

आणि औषधही कोणतं, तर ज्याच्या वारंवार वापराचा संबंध मांजरांच्या किडनी निकामी होण्याशी आणि मृत्यूशी जोडला गेला आहे, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्येच छापायला लावला होता. युरोपात ते कमी डोसमध्ये मांजरांना देतात, म्हणजे औषध विष आहे असं मी म्हणत नाही. पण शरीरात पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी जी व्यवस्था असते, नेमकी तीच या जातीची वेदनाशामकं दाबतात. म्हणून जनावराने खाणं सोडलं, उलटी केली, की हे औषध आधी थांबवायचं आणि मग डॉक्टरांना विचारायचं. मला फोनवर याच्या उलट सांगितलं गेलं.

मग मी केसपेपरची प्रत मागितली. पहिल्या खेपेला ‘साहेब नाहीत’, दुसऱ्या खेपेला ‘आम्ही देत नाही’. तिसऱ्या खेपेला मी रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी केली, तेव्हा एक पान मिळालं. त्यात वजनाचा रकाना रिकामा. औषधाचं नाव आणि ०.४ मिली एवढंच, द्रावण किती तीव्रतेचं त्याचा पत्ता नाही. माझ्या तिसऱ्या दिवशीच्या फोनचा उल्लेख नाही. आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत, वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात : ‘रक्ततपासणी सुचवली, मालकांचा नकार.’ मला कुणीही काहीही सुचवलेलं नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली नोंद कशी दिसते आणि ती बहुतेक कधी लिहिली जाते, यावर माझं पोट ३४ वर्षं चाललं आहे.

इथून पुढचा रस्ता ज्यांना चालावा लागेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. तक्रारीला दोन दारं असतात आणि लोक चुकीच्या दारावर धडका देत बसतात. पशुवैद्यकांची नोंदणी करणारी परिषद डॉक्टरांच्या वागणुकीची चौकशी करते. ती समज देऊ शकते, नोंदणी काही काळ स्थगित करू शकते किंवा काढून घेऊ शकते. तुमच्या हातात एक पैसा ठेवणं हे तिचं काम नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. दोन्हीकडच्या मुदती वेगळ्या, कागद वेगळे. दोन्हीकडे ‘माझं जनावर गेलं’ हे पुरत नाही. सर्वसाधारण कुशल डॉक्टराने जे केलं असतं ते इथे झालं नाही, हे दाखवावं लागतं. भरपाई हवी किंवा मृत्यूचा ठपका ठेवायचा तर त्यामुळेच जनावर गेलं, हेही. यातलं पहिलं दाखवायला दुसरा डॉक्टर लागतो. मी पाचजणांकडे गेले. पाचही जण बाटली बघून ‘अरेरे’ म्हणाले. लिहून द्या म्हटल्यावर चौघांना अचानक कामं आठवली. पाचवे, पशुवैद्यक महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, त्यांनी चष्मा लावून तिथल्या तिथे एक पान लिहून दिलं. वर चहा पाजला.

पण दुसरी गोष्ट दाखवायला जे लागतं ते मी स्वतःच मातीखाली घातलं होतं. त्याच प्राध्यापकांनी मला समजावलं. किडनी वर्षानुवर्षं खराब होत गेली असेल तर ती आक्रसलेली, खडबडीत, आत तंतूंनी भरलेली दिसते. चार-पाच दिवसांच्या घावाने गेली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली चित्र निराळं असतं. ‘वय झालं होतं’ खरं की खोटं, हे त्या एका तुकड्यावरून कदाचित कळलं असतं. त्यासाठी शक्य तितक्या लवकर, एका दिवसाच्या आत, शवविच्छेदन व्हायला हवं. तोवर देह थंड ठेवायचा, फ्रीजरमध्ये मात्र टाकायचा नाही. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याच्या हाती धड काही लागत नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो. पण हे वाक्य आपल्या त्या लेखात हवं होतं, असं मला वाटतं. शक्य असेल तर ते काम दुसऱ्या ठिकाणी करून घ्यावं, ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याकडे नव्हे.

निकालाला १४ महिने लागले. परिषदेने डॉक्टरांना लेखी समज दिली : नोंदी अपुऱ्या ठेवल्या, औषधाची तीव्रता लिहिली नाही. मृत्यू औषधामुळेच झाला हे उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असंही लिहिलं. भाचा चिडला. मी चिडले नाही. त्या खुर्चीत मी असते आणि समोर एवढेच कागद असते, तर मीही हेच लिहिलं असतं.

भरपाईच्या दारापर्यंत मी गेलेच नाही. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मांजर केवढ्याला घेतलं होतं?’ गटाराच्या पाइपातून काढलं होतं. म्हणजे कागदावर किंमत शून्य. प्राणी म्हणजे मालकाची वस्तू, ही कायद्याची जुनी समजूत अनेक देशांत अजून तशीच आहे. जर्मनीने १९९० मध्ये आपल्या नागरी संहितेत ‘प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत’ असं लिहिलं. पण त्याच कलमात पुढे, वेगळी तरतूद नसेल तिथे वस्तूंचेच नियम त्यांना लागू, असंही आहे. तरी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. जखमी प्राण्याच्या उपचारांचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला, एवढ्यावरून तो अवाजवी ठरत नाही, असं त्यांचा कायदा म्हणतो. याउलट अमेरिकेत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१३ मध्ये एका कुत्र्याचं प्रकरण आलं. मालक न्यायला येणार म्हणून राखून ठेवलेला तो कुत्रा निवाऱ्यातल्या लोकांनी चुकून मारून टाकला होता. मालकाच्या मायेपोटी भरपाई देता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला, आणि आधार घेतला तो स्वतःच्याच १८९१ सालच्या निकालाचा. शिल्लकची किंमत कुणी ठरवावी असं मला वाटत नव्हतं, म्हणून मी फाइल बंद केली.

डॉक्टरांचं आणि दवाखान्याचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, इथेही लिहीत नाही. ते डॉक्टर तिशीतले आहेत. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत एकटे उभे असतात, समोर रांग, मागे भुंकणं. एकाच फळीवर दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतील तर एक दिवस हात चुकणारच. चूक मी समजू शकते. दोन ओळींच्या मध्ये लिहिलेली ती बारीक ओळ मात्र मला समजत नाही, आणि तिने मला माझ्या मांजरीच्या मृत्यूपेक्षा जास्त वेळ जागं ठेवलं, हेही खरंच सांगून टाकते.

माझी मागणी एकच आहे. उपचार चालू असताना किंवा त्यानंतर लगेच प्राणी दगावला, तर शवविच्छेदन करायचं आहे का, हे डॉक्टरांनी स्वतःहून विचारावं आणि मालकाचं उत्तर सहीसह नोंदवावं. केसपेपरची प्रत त्याच वेळी, न मागता, बिलासोबत द्यावी. रडणाऱ्या माणसाला हे सुचत नाही, सुचायची अपेक्षाही करू नये. विचारण्याचं काम ज्याचं डोकं त्या क्षणी ठिकाणावर आहे त्याचं. नियम करणाऱ्यांनी हे नियमात घालावं. आणि चांगल्या डॉक्टरांनी नियमाची वाट पाहू नये, कारण चूक नसेल तर त्यांना वाचवणारा कागदही हाच.

सुनावणी संपल्यावर जिन्यात ते डॉक्टर मागून आले. म्हणाले, ‘तुमच्या तक्रारीनंतर मांजरांची औषधं वेगळ्या कपाटात ठेवतो. कुलूप लावून.’ मी विचारलं, ‘हे आत समितीपुढे का नाही सांगितलंत? नोंद झाली असती.’ ते काही बोलले नाहीत. मला वाट देण्यासाठी भिंतीकडे सरकले, आणि मी खाली उतरले.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)