बाई, तुमच्या साठ चिंचोक्यांबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं बारा राजांचं मंडळ समजावायला तुम्ही टेबलावर मांडलेला तो पट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बारा कवड्या आणि प्रत्येकीजवळ पाच-पाच चिंचोके. कवडी म्हणजे राजा. चिंचोके म्हणजे त्याचे अमात्य, जनपद (प्रजेसह मुलूख), दुर्ग, कोश आणि दंड (सैन्य). राज्याच्या प्रकृती, म्हणजे अवयव, सात: राजा, हे पाच आणि मित्र. मग बारा साती चौऱ्याऐंशी व्हायला हवेत. कौटिल्य ७२ कसे म्हणतो, इथेच आमच्या अभ्यासगटाचं गाडं अडलं होतं. तुम्ही व्याख्यान दिलं नाहीत. विजिगीषूच्या, म्हणजे जिंकू पाहणाऱ्या राजाच्या, कवडीवर बोट ठेवलंत, "हा स्वामी." मग पलीकडच्या कवडीवर, "हा मित्र. दोघेही पटावर बसलेत ना? मग परत कशाला मोजता?" बारा राजे, साठ द्रव्यप्रकृती (म्हणजे हे चिंचोके), बहात्तर.

त्या एका बोटाने सगळं उलगडलं. मित्र हा राज्याचा सातवा अवयव, आणि तोच बाहेरचा स्वतंत्र राजाही. आंतरराष्ट्रीय राजकारणातला पाश्चात्त्य वास्तववाद राज्याला चारी बाजूंनी बंद गोटीसारखं धरतो, तसं इथे धरताच येत नाही. कौटिल्यावर सिद्धांत उभारायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी 'शेजारी तो शत्रू' आणि 'भारताचा मॅकियाव्हेली' या दोन वाक्यांवर बोळवण केली. राग येतो तो याचा, की अर्थशास्त्राचं सहावं अधिकरण (म्हणजे भाग) उघडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सातव्याच्या अठराव्या अध्यायात सामंत, म्हणजे शेजारी राजे, तीन तऱ्हांचे सांगितलेत: अरिभावी (शत्रूसारखे), मित्रभावी (मित्रासारखे), भृत्यभावी (सेवकासारखे). द्वैधीभाव या धोरणाचा अर्थ आम्हाला दुटप्पीपणा असा शिकवला गेला. सूत्रात आहे ते एकाशी संधी (तह) आणि दुसऱ्याशी विग्रह (युद्ध), म्हणजे दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढावं लागू नये यासाठीची तजवीज. मंडळातल्या उदासीन राजाला अलिप्ततावादाशी जोडून निबंध लिहिले जातात. कौटिल्याचा उदासीन हा अरि (शत्रू), विजिगीषू आणि मध्यम (त्या दोघांना लागून असलेला बलवान राजा) या तिघांच्या पलीकडचा, त्यांच्याहून बलवान, एकेकटे सापडले तर तिघांनाही दडपू शकणारा. मराठीतला आजचा 'उदासीन' डोक्यात ठेवून वाचलं की चूक ठरलेलीच. आणि संधी व विग्रह यांतून वृद्धी सारखीच होणार असेल तर संधी करावी, कारण युद्धात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय (संकटं) असतात, हे सातव्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आहे. मॅकियाव्हेलीचा शिक्का मारणारे तिथवर पोचतच नाहीत.

कांगल्यांनी संपादलेल्या अर्थशास्त्राच्या १९६० च्या संहितेची स्वतःची प्रत तुम्ही आमच्या हाती दिलीत आणि म्हणालात, "राजकारणातलं मला कळत नाही, शब्द कळतात. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा." पुस्तकावर खूण करू देणारी माणसं किती असतात, बाई? आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे इतक्या सहज सांगणारी तर त्याहून कमी. अशा माणसांच्या जिवावरच विद्या टिकते.

खुणा आता सातव्या अधिकरणात, पार्ष्णिग्राहापाशी (पाठीमागून हल्ला करणाऱ्या शत्रूपाशी) येऊन थांबल्या आहेत. प्रत, कवड्या आणि चिंचोके घेऊन येतो. चिंचोके मोजलेत, साठच आहेत.

आपले कृतज्ञ,
अभ्यासगटातले सगळे