रोपं नंतर लावा, आधी मोरी मोकळी करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कांदळवन लागवडीचा फोटो पेपरात आला की आमच्या घरी आत्याचं एकच म्हणणं असतं, "रोपं कशाला लावतान, आधी पानी सोरा म्हनाव." ती काही शिकलेली नाही, पण गेली चाळीस वर्षं ती आमच्या खाडीत बिळात कोपरापर्यंत हात घालून चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडते, त्यामुळे खाडीबद्दल ती काय बोलते ते मी तरी हसण्यावारी नेत नाही.

गोष्ट आहे आमच्या गावच्या रस्त्याखालच्या मोरीची. आधी दगडी होती, तीन गाळ्यांची, लहानपणी ओहोटीला आम्ही वाकून तिच्यातून पलीकडे जायचो. रस्ता रुंद केला तेव्हा ती काढली आणि दोन सिमेंटचे पाईप टाकले, ते पण खाडीच्या तळापासून हातभर उंच, का ते विचारू नका. आता भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, पाणी पाईपापर्यंत पोचतच नाही आणि उधाणाला जे आत शिरतं ते ओहोटीला सगळं बाहेर पडत नाही, तिथेच साचून राहतं, पाईपाच्या तोंडाला बाटल्या, थर्माकोल, कुणाची तरी चप्पल. आत्या म्हणते दोन-तीन पावसाळ्यातच आतल्या बाजूचा चिखल काळा पडला, पाय टाकला की कुजका वास आणि बिळं रिकामी. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले चिवणी मासे वर चढायचे, ते आता पाईपाशीच अडतात. जिताडा माशाची पिल्लं तर खाडीतूनच आत येतात, याच पिल्लांवर आमच्याकडच्या घराघरातले जिताड्याचे तलाव चालायचे, आणि गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते, म्हणजे पिल्लू आतच आलं नाही तर पुढे अंडी घालणारं कोण राहणार.

बरं पैसे नाहीत असंही नाही ना. केंद्राची मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये आली तेव्हाच 20,050 कोटींची होती, त्यातून 11 किनारी राज्यांसाठी 732 कृत्रिम प्रवाळ मंजूर झाले, म्हणजे समुद्रात सिमेंटचे ठोकळे सोडायचे आणि मासे तिथे जमतील बघायचं. केंद्राच्याच मिष्टी योजनेत पाच वर्षांत 540 चौरस किलोमीटर कांदळवन करायचं ठरलंय. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने भरपाई वनीकरणाचे, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायचे, 47,436 कोटी राज्यांना वाटले त्यात महाराष्ट्राला 3,844 कोटी आले. मला या योजनांना नावं ठेवायची नाहीत, ठोकळ्यांचा काही ठिकाणी उपयोग होतही असेल. पण रोपं मोजता येतात, ठोकळे मोजता येतात, फोटो निघतो. मोरीतून किती पाणी आत आलं याचा फोटो कसा काढणार? आणि रोपं कुठे लावतात तर उघड्या चिखलावर, कारण मोकळी जागा तीच दिसते. तो चिखल रिकामा नसतो हो, निवट्या, खुबे, पक्षी सगळ्यांचं पोट त्याच्यावर. पाणी नीट खेळलं तर तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आपोआप उगवतात, त्यांचं बी भरतीच वाहून आणते. आमच्याकडे खारं पाणी अडवणाऱ्या खारबंधाऱ्याला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की दहा वर्षात शेतात तिवरांचं रान उभं राहतं, कुणीही लावायला गेलेलं नसतं.

पाणी अडवण्याची किंमत किती मोठी असते ते उरणने बघितलंय. 27 फेब्रुवारी 2015 ला हरित लवादाने तिथल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटी भरपाई द्या असा आदेश दिला, म्हणजे घरटी 5 लाख 84 हजार. बंदराच्या भरावामुळे खाडीत भरतीच्या पाण्याची ये-जा अडली हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. एवढी भरपाई देण्यापेक्षा पाण्याला वाट ठेवणं स्वस्त पडतं हे सांगायला लवाद कशाला पाहिजे.

आम्ही अर्ज केला होता. एका ऑफिसात म्हणाले मोरी रस्त्यात येते, दुसऱ्या ऑफिसात म्हणाले खाडी आमच्याकडे नाही, तिसरीकडे साहेब चांगले होते, चहा पाजला, पण म्हणाले "लागवड असेल तर सांगा, त्याला हेड आहे, मोरीला हेड नाही," म्हणजे मोरीसाठी खर्चाचं खातंच नाही. आता हेड नाही म्हणून मासे यायचे थांबणार का? माझी मागणी एवढीच आहे की खाडीच्या नावाने जो पैसा येतो त्यातला ठरावीक हिस्सा पाण्याची वाट मोकळी करायला बाजूला काढा, गाळ काढणं, पाईपाच्या जागी तळाला टेकलेली रुंद मोरी, आणि काम झाल्यावर रोपं नाही तर मासे मोजा, ते काम खाडीत जाणाऱ्या बायकांना रोजंदारी देऊन करून घ्या. शेतकऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, उघाडीला, म्हणजे बंधाऱ्यातल्या पाण्याच्या दाराला, हात लावा असं कोणी म्हणत नाहीये, ती भातशेती वाचवायला आहे आणि तशीच राहू दे, मी बोलतोय ते रस्त्यांखाली गुदमरलेल्या खाडीच्या फाट्यांबद्दल.

कुणा अधिकाऱ्यांना बघायचं असेल तर अमावस्येच्या ओहोटीला या, सकाळी आत्या तिथेच असते. गमबूट आणा, चिखल मांडीपर्यंत येतो.

आपला एक वाचक,
अलिबाग तालुका