शिरवळजवळच्या टेम्पोवाल्या दादांचे मनापासून आभार

आमचा शेरू पुण्याहून बेळगावला नव्या घरी चालला होता. चाळीस किलोचा गडी, पण हेल्मेट दिसलं तरी थरथरतो, रेल्वेच्या डॉग बॉक्समध्ये कोंबायची हिंमत झाली नाही म्हणून गाडी केली, तर शिरवळच्या पुढे ड्रायव्हर म्हणे कुत्र्याची भीती वाटते, आणि ढाब्यावर उतरवून गेला पण! बाजूला हायवे, ट्रक सुसाट, शेरू भिंतीला चिकटलेला, ओढावं तर पट्ट्यातून मान सुटायची.

तेवढ्यात कोल्हापूरकडे रिकामा टेम्पो नेणारे एक दादा थांबले. त्यांनी शेरूकडे बघितलंच नाही. पाठ करून खाली मातीत बसले आणि स्वतःच्या डब्यातल्या भाकरीचे तुकडे मागे न वळता ठेवत गेले, दरवेळी टेम्पोच्या थोडं जवळ. घाई शून्य. शेवटी फळी लावली तर पठ्ठ्या आपणहून चढला! मग गोणपाट अंथरलं, ताडपत्री बांधली आणि हॉर्न न वाजवता खंबाटकी चढवली (करून बघा कधी). कोल्हापूरला थांबायचं सोडून थेट बेळगावला सोडलं, घेतले फक्त डिझेलचे पैसे. नाव विचारलं तर "राहू द्या ओ ताई, त्याला आधी पाणी पाजा."

दादा, तुमचा अख्खा डबा शेरूने संपवला, पुण्यात आलात की जेवायला आमच्याकडेच यायचं.