मॅडम, ती रोजची पाच वाक्यं

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. गावाकडनं काकीचा फोन आला होता, बोलता बोलता म्हणाली की तुमच्या इंग्रजीच्या मॅडम रिटायर झाल्या, शाळेत निरोप समारंभ झाला आणि पोरी लई रडल्या. मला आधी कळलंच नाही आणि कळलं असतं तरी ड्युटी सोडून येता आलं नसतं, म्हणून जे तिथं उभं राहून बोलले असते ते इथं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण आपल्या शाळेतल्या कुणी वाचलं तर दोन ओळीत ओळखेल.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा जिल्हा बीड. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं बंद होतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याला जायचं, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्येच परत. पोरं पण बरोबर जातात, घरी ठेवणार कुणाकडं. त्यामुळं जून ते ऑक्टोबर आमच्या वर्गात बसायला जागा नसायची आणि नोव्हेंबरमध्ये मागचे बाक रिकामे. शिकवणाऱ्यानं अशा वर्गात काय करायचं? उरलेल्यांना शिकवायचं, पोर्शन संपवायचा, तेच बहुतेक ठिकाणी होतं आणि त्यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही गेलेल्या पोरांचा वर्ग पण चालू ठेवला, आणि त्या गेलेल्यांमध्ये मी होते.

आधी जूनपासूनचं सांगते, कारण तिथंच पाया पडला. २०१७ ला नववीचं पुस्तक बदललं होतं, नवीन कुमारभारती, धड्याखाली प्रश्नोत्तरांपेक्षा कृतीच जास्त, आणि गाईड पण बाजारात उशिरा आली. तुम्ही पहिल्या आठवड्यात धडा उघडलाच नाही. तास सुरू झाला की फळ्यावर तारीख, तारखेखाली एक क्रियापद, आणि आम्ही पाच वाक्यं लिहायची. अट एकच, काल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं, ऐकीव नाही आणि पुस्तकातलं तर अजिबात नाही. साठच्या वर पोरं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पहिली दहा मिनिटं या पाच वाक्यांना. बाहेर पाऊस आला, शेळी व्याली, एसटी आलीच नाही, असलं काहीही चालायचं. आम्हाला वाटायचं हे काय लिहायचं इंग्रजीत, इंग्रजीत तर मोठमोठ्या गोष्टी लिहितात. दिवाळीपर्यंत वह्या भरत आल्या होत्या आणि फळ्यावर क्रियापद पडायच्या आधीच पोरं लिहायला लागलेली.

तुमची तपासायची पद्धत तर मी अजून कुणाकडं बघितलेली नाही. एका आठवड्यात एकच चूक धरायची. काळाचा आठवडा असला की फक्त काळ बघायचा, स्पेलिंग चुकलं तर पेन्सिलीनं बारीक रेघ आणि पुढं चालायचं. ‘डिड नॉट वेंट’ अर्ध्या वर्गाच्या वहीत सापडायचं, त्या आठवड्यात तुम्ही दुसरं काहीच बघितलं नाही, शनिवारपर्यंत ते सगळ्यांच्या वहीतून गेलं, मग पुढच्या आठवड्यात अ, ॲन आणि द. रोज एका रांगेच्या वह्या तुम्ही घरी न्यायच्या, बाकीच्यांनी शेजारच्याची वही फळ्यावर बघून तपासायची, म्हणजे आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या वहीवर तुमचं पेन फिरायचंच. ज्यांनी लाल शाईनं भरलेलं पान परत मिळाल्यावर वही दप्तरात तळाला घातलीय त्यांना कळेल की या एकाच चुकीचा अर्थ काय होतो. मागच्या बाकावरची पोरं, ज्यांना पाचवीपासून इंग्रजीत शून्याच्या आसपास मार्क, ती सुद्धा लिहायला लागली, कारण एक चूक सुधारणं त्यांच्या आवाक्यातलं होतं.

धडा पण तसाच. आधी तुम्ही मोठ्यानं वाचायचा, मराठी अर्थ सांगायचा नाही, मग विचारायचं कोण आहे, कुठं आहे, काय झालं, आणि आम्ही मराठीत उत्तर दिलं तरी चालायचं. दुसऱ्या दिवशी तोच उतारा आम्ही वाचायचा, मग मात्र उत्तर पुस्तकातल्या वाक्यावर बोट ठेवून द्यायचं. गाईड आल्यावर पण तुम्ही बंदी घातली नाही, म्हणालात वाचा, मिटा आणि मग लिहा.

मग दिवाळी झाली, आणि आमची गाडी निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही घरी आलात. हातात झेरॉक्सचा गठ्ठा, कडेला दोऱ्यानं शिवलेला. मी उघडून बघितलं तर प्रत्येक पान एका दिवसाचं. वर तुमच्याच अक्षरात लिहिलेला पाच-सहा ओळींचा उतारा, मध्ये थोडे शब्द, खाली पाच मोकळ्या रेघा. शाळेत त्या दिवशी जो धडा चालू असेल त्याचाच सोपा भाग पानावर, म्हणजे परत आल्यावर आम्ही अगदीच परके वाटू नये. असे गठ्ठे तुम्ही जाणाऱ्या प्रत्येक पोरासाठी केले होते. झेरॉक्सचे पैसे कुणी दिले हे आम्ही तेव्हा विचारलं नाही, आता नोकरी करताना पगाराचा हिशोब लागतो तेव्हा कळतं.

फडावरचं, म्हणजे ऊसतोडीच्या रानातलं आयुष्य ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही बघितलं त्यांना थोडक्यात सांगते. आई-दादा (दादा म्हणजे माझे वडील) पहाटे अंधारात जायचे, कधी तीनला, कधी गाडी लवकर भरायची असली तर त्याच्याही आधी. मी कोपीत, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपडीत, बरोबर लहान भाऊ. पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या, भावाला बघायचं, दुपारी फडावर जेवण घेऊन जायचं आणि मग मोळ्या बांधायला हात लावायचा. हे करून संध्याकाळी जो थोडा उजेड राहायचा त्यात तुमचं पान. सगळी पानं रोजच्या रोज झाली असं नाही, काही एकदम झाली, काही राहिली. पण ती पाच वाक्यं लिहायला विषय शोधावा लागला नाही, बैलांची शिंगं रंगवलेली, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायला बसलेल्या बाया, कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग, रात्रभर चालणारा कारखाना, सगळं डोळ्यासमोर होतं आणि तुमची अटच तशी होती.

बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्या मामाच्या मोबाईलवरून पानांचे फोटो तुम्हाला जायचे. दादाकडं साधा फोन होता. तुमचं उत्तर व्हॉइस मेसेजवर यायचं, आणि मामा तो मोठ्यानं लावायचा, त्यामुळं आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया पण ऐकायच्या. तुम्ही माझी वाक्यं वाचून दाखवायचा, जे चुकलंय ते बरोबर करून परत म्हणायचा आणि शेवटी एखादा प्रश्न विचारायचा, की काट्यावर वजन कोण लिहून घेतं, ते पुढच्या वेळी लिही. आईला इंग्रजी काही कळत नव्हतं, पण मॅडम मुलीला प्रश्न विचारतायत हे कळायचं. तिनं त्यानंतर संध्याकाळची भाकरी स्वतः करायला घेतली, दिवसभर ऊस तोडून आल्यावर. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी परत आले तर नववीची परीक्षा तोंडावर. पास झाले. पण खरं काम पुढंच होतं, कारण घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू झालं होतं. आमच्याकडं मुलगी मोठी झाली की कोपीत ठेवायची भीती, गावात ठेवायची भीती, म्हणून लग्न लावून देतात आणि जावयाबरोबर नवीन कोयता तयार होतो. तुम्ही दोनदा-तीनदा येऊन दादांशी बोललात. आवाज चढवला नाही, कायद्याचा धाक दाखवला नाही, आजीच्या घरी राहू द्या, दहावीचं वर्ष आहे, मार्चपर्यंत थांबा, एवढंच म्हणत राहिलात. दादा थांबले. त्यांचा मोठेपणा पण यात आहे आणि तो मला लिहायचाच होता.

दहावीचं वर्ष आमच्या बॅचला अवघड गेलं. २०१८-१९ ला भाषांचे तोंडी परीक्षेचे वीस मार्क बोर्डानं बंद केले, सगळं लेखीवर, वरून पुस्तक नवीन आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका. त्यात आमच्याकडं दुष्काळ, ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं १५१ तालुके जाहीर केले, त्यात आमचा जिल्हा पण. तुम्ही तोच दुष्काळ वर्गात आणला. लेटर रायटिंगला पुस्तकातल्या शहरातल्या तक्रारी बाजूला ठेवून आम्ही टँकर वेळेवर येत नाही म्हणून बीडीओ साहेबांना पत्रं लिहिली, माहितीच्या तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा म्हणून एसटी स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून आणलं, आणि व्ह्यू-काउंटरव्ह्यूला, म्हणजे बाजूनं आणि विरोधात लिहायच्या प्रश्नाला, विषय दिला की पोरांनी आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं का. त्या दिवशी वर्गात जे लिहिलं गेलं तसं मी पुढं कॉलेजात पण वाचलेलं नाही. काही पोरांनी जावं असं लिहिलं आणि कारणं दिली, भावाला कोण बघणार, आईची कंबर दुखते मोळी कोण उचलणार, आणि तुम्ही त्यांचे मार्क कापले नाहीत, फक्त वाक्यं सुधारून दिली.

राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून एकदम खाली. पेपरात चर्चा चालू होती की तोंडीचे मार्क गेल्यामुळं पोरं आपटली. आमच्या वर्गातले बरेच जण इंग्रजीत निघाले, त्याचं कारण मला तरी ती रोजची दहा मिनिटंच वाटतात, कारण पेपरात कोरं पान समोर आलं तर घाबरायचं नसतं हे हाताला माहीत झालं होतं.

आता माझं. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, तीन वर्षं, सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि आता पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. प्रत्येक शिफ्टला नर्सेस नोट्स लिहायच्या असतात, किती वाजता काय दिसलं, पेशंट काय म्हणाला, मी काय केलं, डॉक्टरांना कधी कळवलं. स्वतः बघितलेलंच लिहायचं, झालेलं भूतकाळात लिहायचं, लहान वाक्यात लिहायचं, कारण पुढच्या शिफ्टची सिस्टर ते वाचून औषध देणार असते. पहिल्या वर्षाला बरोबरच्या काही मुली या नोट्सना घाबरायच्या, हुशार मुली, प्रॅक्टिकलला माझ्यापेक्षा पुढं. मग आम्ही हॉस्टेलवर रात्री बसायला लागलो, वॉर्डात आज बघितलेल्याची पाच वाक्यं, आणि आठवड्यात एकच चूक धरायची. दुसऱ्या वर्षापर्यंत त्या सगळ्या न अडखळता हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती, द्यायला लागल्या. त्यातली एक नंदुरबारची आहे, एक गडचिरोलीची, त्यांनी तुम्हाला कधी बघितलं नाही पण तुमची पद्धत त्यांच्या हातात आहे, आणि त्यांनी पण नमस्कार सांगितलाय.

मॅडम, मनापासून थँक्यू. वह्यांसाठी, झेरॉक्ससाठी, त्या व्हॉइस मेसेजसाठी, आणि दादांसमोर जमिनीवर बसून चहा पीत परत परत तेच बोलल्याबद्दल.

एक विचारायचं होतं. काकीची मुलगी यंदा नववीत आहे आणि तिच्या वर्गातली बरीच पोरं दिवाळीनंतर जाणारेत. तुमची पानं माझ्याकडं आहेत, काही फाटलीत पण अक्षर वाचता येतं, मी त्यांचे नीट फोटो काढून ठेवलेत. पुस्तक तेच असेल तर तशीच चालतील, बदललं असेल तर वरचे उतारे नवे लागतील, ते लिहायला मला तुमची मदत लागेल. झेरॉक्सचा खर्च मी करते, आमच्या बॅचमधल्या आणखी दोघी तयार आहेत. ऑक्टोबरमध्ये सुट्टी टाकून गावाकडं येतेय, तुम्ही घरी असाल तो वार तेवढा कळवा.

तुमची,
नववी ब, खिडकीकडच्या रांगेतली